दार निवडण्याआधी झड कुठून येते ते बघा

पत्र : आमचं शाहूपुरीत १९९६ सालचं दुमजली घर आहे. जोतं काळ्या दगडाचं, वर सिमेंटचा गिलावा, खिडक्या पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. पुढचं दार पश्चिमेला, त्यावर दीड फुटाचा छज्जा. फ्लश डोअर खालून फुगलंय, पापुद्रे सुटलेत, जुलै-ऑगस्टमध्ये खांद्यानं ढकलल्याशिवाय उघडत नाही. दिवाळीनंतर घराला बाहेरून रंग द्यायचाय, त्याआधी दार बदलावं म्हणतोय. सासूबाईंना वाड्यासारखं दोन झडपांचं, पितळी फुल्यांचं दार हवंय. मुलगा स्टीलचं दार आणि डिजिटल कुलूप म्हणतो. मिस्टर म्हणतात, चौकट राहू दे, फक्त झडप बदलू. चौकटीचं बाहेरचं माप ४२ बाय ८४ इंच आहे. आमच्या घराला नक्की काय शोभेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर सगळं ठरणार आहे : दार पश्चिमेला आहे आणि छज्जा दीड फुटाचा आहे. साताऱ्यात पावसाळी वारा पश्चिमेकडच्या यवतेश्वराच्या डोंगराच्या अंगानं येतो आणि झड सरळ तुमच्या दारावर बसते. पावसाच्या धारा उभ्या रेषेपासून ३० अंश कलल्या, तर छज्जा जितका बाहेर आलाय त्याच्या साधारण पावणेदोन पट उंचीच कोरडी राहते. दीड फुटाच्या छज्ज्याखाली वरचं अडीच फूट कोरडं आणि खालचं साडेचार फूट चार महिने ओलं. तुमचं दार खालूनच का कुजलं, ते यातच आलं. त्या जागी उद्या दीड लाखाचं कोरीव सागवानी दार बसवलं तरी त्याचं हेच होईल, जरा उशिरा इतकंच.

त्यामुळं दाराच्या खर्चातला काही भाग आधी वर, म्हणजे छपरात घाला. सात फूट उंचीचं दार त्याच ३० अंशांच्या झडीतून वाचवायला चार फूट खोलीचं छप्पर लागतं. दोन्ही बाजूंना चौकटीच्या बाहेर किमान एक-एक फूट सरकलेलं हवं, कारण झड कडेनंही आत घुसते. म्हणजे साडेपाच फूट रुंद आणि चार फूट पुढं आलेलं छोटं उतरतं छप्पर. लोखंडी ब्रॅकेट, त्यावर रिपा आणि मंगलोरी कौलं. उतार ३० अंशांचा ठेवा. त्याहून फार कमी केला तर वाऱ्यानं पाणी कौलाच्या सांध्यातून उलटं आत शिरतं. एवढ्या जागेला तुटफूट धरून ४० कौलं पुरतात. ब्रॅकेटचे अँकर बोल्ट दारावरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीत (लिंटेलमध्ये) किंवा बीममध्येच घ्या. विटेत मारलेला बोल्ट दोन पावसाळ्यांत सैल होतो. छप्पर तुमच्या हद्दीबाहेर जात नाही ना आणि नगरपालिकेच्या नियमात बसतं ना, तेवढं आधी पाहून घ्या.

हे छप्पर केवळ पावसासाठी नाही. काळं जोतं आणि सपाट गिलाव्याची भिंत यांच्यामध्ये तुमच्या घराला प्रवेश असा दिसतच नाही. दार म्हणजे भिंतीतलं एक भोक झालंय. लाल कौलांची पट्टी आली की नजर आपोआप तिथं जाते, आणि साडेतीन फुटांचं दारही मोठं वाटायला लागतं.

आता सासूबाईंचं दोन झडपांचं दार. हौस रास्त आहे, पण ४२ इंचांत ती बसत नाही. तीन-तीन इंचांची चौकट वजा केली की मोकळी वाट ३६ इंच, म्हणजे एकेक झडप दीड फुटाची. एका झडपेतून माणूस आडवा होऊन जाणार, त्यामुळं रोज दोन्ही उघडाव्या लागणार आणि दुसऱ्या झडपेच्या वरखालच्या खिट्ट्या रोज ओढून वर्षभरात ढिल्या होणार. दोन झडपांना किमान पाच फुटांची चौकट हवी. भिंत फोडून, लिंटेल बदलून ती करण्यासारखं तुमच्या घरात काही नाही. शिवाय वाड्याचं दार शोभतं ते त्याच्या आजूबाजूच्या जाड भिंतीमुळं, देवळ्यांमुळं, वरच्या गणेशपट्टीमुळं. नऊ इंची विटेच्या भिंतीत ते एकटं अवघडून उभं राहतं. गणेशपट्टी मात्र जरूर करा. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात मधोमध कोरलेला छोटा गणपती, बाकी चौकट साधी. सासूबाईंना हवं ते त्यात बरंचसं येतं.

फुल्या लावायच्याच असतील तर पितळी, आणि त्यांचे स्क्रूही पितळी. लोखंडी खिळा ओल्या सागवानात काळा डाग सोडतो आणि तो डाग पॉलिश खरवडल्याशिवाय जात नाही. पश्चिमेच्या झडीत पितळही दर पावसाळ्यात काळवंडणार. घासायची तयारी असेल तरच, आणि सहा-आठच्या वर नकोत.

मुलाच्या स्टीलच्या दाराबद्दल. वाळवीचा त्रास असलेल्या किंवा बरेच महिने बंद राहणाऱ्या घराला ते चांगलं. तुमच्या घराला आम्ही सुचवणार नाही. एकतर दुपारी दोन ते सहा उन्हात पत्रा इतका तापतो की हात लावता येत नाही, आणि त्यावरची लाकडासारखी दिसणारी फिल्म पश्चिमेच्या उन्हात फिकी पडते, तीही एकसारखी नाही. छज्ज्याच्या सावलीतला वरचा भाग गडद आणि खालचा उजळ असे दोन रंग दिसतात. दुसरं, स्टीलच्या दाराला रंधा लावता येत नाही. तयार मापाचं दार येतं, भिंत जरा तिरकी असेल तर भिंतीलाच दाराप्रमाणं व्हावं लागतं. डिजिटल कुलूप मात्र सागवानी दारालाही बसतं. पण कुलूप आधी विकत घ्या आणि सुताराच्या हातात द्या, मग दार करायला सांगा. कुलपाला दाराची किती जाडी चालते आणि कडेपासून किती आत खाच लागते, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. बाहेरचा कीपॅड पावसाला चालतो असं खोक्यावर लिहिलेलं आहे का ते पाहा, आणि तो झडीत येणार नाही याची काळजी वरच्या छपरानं घेऊ द्या.

मिस्टरांचा मुद्दा सर्वांत व्यवहारी, आणि त्याची परीक्षा पाच मिनिटांची आहे. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चौकटीच्या दोन्ही पायांत, जमिनीपासून सहा इंचांपर्यंत, आतून-बाहेरून टोचून बघा. टोक पाच मिलिमीटर सहज गेलं तर ते लाकूड संपलं. मग टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. शेवटी दोन दोरे कोपऱ्यातून कोपऱ्यात फुलीसारखे ताणा. मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकायला हवेत. अंतर राहिलं किंवा एकानं दुसऱ्याला दाबलं तर चौकटीला पीळ आहे, आणि पिळलेल्या चौकटीत सरळ दार कधीच चारी बाजूंनी बसत नाही. या तिन्ही कसोट्यांना चौकट उतरली तर ती राहू द्या. फक्त पाय कुजले असतील तर तेवढाच एक फूट कापून तिरक्या सांध्यानं नवं लाकूड जोडता येतं. १९९६ पासून फरशीत गाडलेली, रोज सकाळी उंबऱ्यावर सडा पडलेली चौकट असल्यामुळं आमचा अंदाज ती बदलावी लागेल असाच आहे. (सांगली-मिरजेकडच्या वाचकांनी दोरे आणि कर्ण दर एक-दोन वर्षांनी तपासावेत. तिथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीबरोबर चौकटही हलवते. दार अडकलं की लगेच रंधा मारायचा नाही, आधी चौकट बघायची.)

नवी चौकट केली तर सहा बाय तीन इंचांची, दुहेरी खाचेची करा. आतल्या खाचेत मुख्य दार, बाहेरच्या खाचेत गजांचं सेफ्टी डोअर. सेफ्टी डोअर नंतर बघू असं सगळे म्हणतात आणि वर्षभरानं फॅब्रिकेटरकडून काळ्या चौकोनी पाइपाचं ग्रिल आणून दारापुढं ठोकतात. मग आतल्या सागवानावर केलेला खर्च रस्त्यावरून दिसतच नाही. दोन्ही दारं एकाच वेळी ठरवा. बाहेरच्या दाराला लाकडी कड आणि मधे बारीक उभे गज ठेवा, तिरक्या नक्षीचं ग्रिल नको. उभ्या गजांतून आतल्या दाराचे पॅनेल नीट दिसतात.

चौकटीचे पाय फरशीत गाडू नका. खाली काळ्या दगडाचा किंवा ग्रॅनाइटचा उंबरठा, आतल्या फरशीपेक्षा २० ते २५ मिलिमीटर उंच, बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिलेला, आणि चौकट त्याच्यावर उभी. हळदीकुंकू, रांगोळी, सडा सगळं दगडावर होऊ दे, लाकूड कोरडं राहू दे. चौकटीची भिंतीकडची बाजू नंतर कधीच दिसत नाही, म्हणून सुतार ती कोरीच ठेवतो. तिथं आधी वाळवीप्रतिबंधक औषध आणि ते वाळल्यावर डांबराचा एक हात द्यायला उभं राहून लावा. चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, प्रत्येक बाजूला तीन.

लाकूड. चौकट सागवानीच. सुतार मागेल ते घनफूट बरोबर आहे की नाही हे तुम्हालाही काढता येतं : दोन उभी सात-सात फूट आणि वरचं आडवं साडेतीन, एकूण साडेसतरा फूट, गुणिले सहा, गुणिले तीन, भागिले १४४. म्हणजे २.२ घनफूट, तुटीसह अडीच. झडप रंधून दीड इंच राहायला पावणेदोन इंची फळी लागते, तिला तुटीसह साडेतीन ते चार घनफूट. एकूण सहा-साडेसहा. कुणी दहा सांगितलं तर हिशेब मागा.

वखारीत फळीचं टोक बघा, तिची पाठ नंतर. टोकाला मधला भाग सोनेरी-तपकिरी आणि कडेला फिकट पांढुरकी पट्टी दिसेल. ती पांढरी पट्टी म्हणजे झाडाच्या सालीजवळचं कोवळं लाकूड. वाळवी आणि कुजणं दोन्ही तिथूनच सुरू होतं. पॉलिशवाला रंग मारून ती बेमालूम झाकतो, म्हणून कोरं लाकूड असतानाच बघायचं. चौकटीत आणि झडपेच्या उभ्या पट्ट्यांत ती अजिबात नको. ओलावा मोजायचं यंत्र सॉ मिलमध्ये किंवा सुताराकडं आहे का ते विचारा. १२ टक्क्यांच्या वर आकडा दाखवणारी फळी दारासाठी घेऊ नका. ऑगस्टमध्ये घेतलेलं लाकूड बहुधा याहून ओलंच असतं, म्हणून तुमचं दिवाळीच्या आसपासचं वेळापत्रक चांगलं आहे. पाऊस संपल्यावर फळ्या घ्या आणि तीन-चार आठवडे घरात, सावलीत, मधे पट्ट्या घालून रचून ठेवा.

एवढं सागवान परवडत नसेल तर चौकट सागवानी आणि झडप फ्लश, वरून सागाचा विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, हाही चांगला रस्ता आहे. फक्त मागचीच चूक पुन्हा नको. दार आयएस २२०२ या भारतीय मानकाचं, फिनॉलिक डिंकाचं, किमान ३५ मिलिमीटर जाडीचं मागा. दुकानदाराकडून त्याच दाराचा तळहाताएवढा तुकडा घ्या आणि घरी पातेल्यात आठ तास उकळा. साध्या डिंकाचा तुकडा दोन-तीन तासांतच पुस्तकासारखा उघडतो.

आता तुमचा खरा प्रश्न, शोभेल काय. घरासमोरच्या रस्त्याच्या पलीकडं उभं राहून मोबाइलवर घराचा सरळ फोटो घ्या, मोठा छापून आणा आणि त्यावर पेन्सिलीनं तीन गोष्टी बघा. पहिली, दाराची आणि खिडक्यांची वरची कड एका रेषेत आहे का. १९९६ च्या घरात बहुतेक दोन्ही सात फुटांवर असतात. ती रेष मोडू नका. दारावर काचेची झडप घालून त्याला आठ फूट करायचा मोह टाळा. दुसरी, खिडक्यांच्या काचांचे तुकडे उभे आहेत की आडवे. सरकत्या खिडक्या बहुधा उभ्या दोन भागांच्या असतात, तेव्हा दारावरचे पॅनेलही उभे हवेत. तुमच्यासाठी आम्ही असं सुचवू : खाली दोन उभे पॅनेल सव्वादोन फुटांचे, कुलपाच्या उंचीला आठ इंची आडवी पट्टी, वर दोन उभे पॅनेल तीन-सव्वातीन फुटांचे. नक्षी नाही, गोलाई नाही, फक्त पॅनेलच्या कडेला बारीक उतार. काळ्या दगडाच्या घडीव जोत्याला अशीच सरळ, जड घडण शोभते. मोर, कलश आणि वेल कोरलेलं तयार दार दुकानात उठून दिसतं. तुमच्या भिंतीत ते परकं वाटेल.

तिसरी गोष्ट रंग, आणि इथं सर्वांत जास्त फसगत होते. हल्ली वॉलनट म्हणून जी काळपट पॉलिश करतात ती तुमच्या घराला घेऊ नका. खाली काळं जोतं, वर नव्या छपराची सावली. सकाळी तर दारावर ऊनच नसतं. अशा वेळी काळपट दार म्हणजे रस्त्यावरून उघडी राहिलेली अंधारी वाट दिसते. शिवाय गडद रंग दुपारचं ऊन पितो, लाकूड जास्त तापतं आणि पॉलिशला लवकर भेगा जातात. सागवानाचा मूळचा सोनेरी-तपकिरी रंग ठेवा. भिंतीला पांढराशुभ्र घेऊ नका, त्यावर तुमच्या पांढऱ्या खिडक्या हरवतील आणि लाकूड पिवळं वाटेल. दुधाळ किंवा फिकट राखाडी घ्या, दगडाशी तोच जुळतो. आणि लाकडाचा रंग आणखी दोन ठिकाणी येऊ द्या, गॅलरीच्या कठड्याची वरची पट्टी, नावाची पाटी, काहीही चालेल. एकट्या दारावर लाकूड असलं की ते दुसऱ्या घराचं उचलून आणल्यासारखं दिसतं. ठरवण्याआधी एक फूट चौरस सागाच्या तुकड्यावर पॉलिश करून तो चौकटीपाशी धरा, सकाळी नऊला आणि दुपारी चारला. दोन्ही वेळी आवडला तरच हो म्हणा.

बाहेरच्या बाजूला पॉलिश म्हणजे लाखेचं किंवा मेलामाइन नव्हे. ती दोन्ही घराच्या आतल्या कामाची. बाहेरच्या वापराचं, ऊन सोसणारं पीयू (पॉलियुरेथेन) मागा, तीन हात. पश्चिमेच्या दाराला दर दोन-तीन वर्षांनी हलकं घासून आणखी एक हात द्यावा लागेल, हा खर्च धरूनच चला.

सुताराकडून काम घेताना तीन जागी स्वतः उभ्या राहा. पॅनेल झडपेच्या पट्ट्यांच्या खाचेत डिंकानं चिकटवू देऊ नका. एक फूट रुंदीचा सागाचा पॅनेल उन्हाळा ते पावसाळा दोन-तीन मिलिमीटर फुगतो. त्याला हलायला जागा नसली तर मधून उभा फाटतो. म्हणून खाचेत प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर मोकळी जागा, आणि पॅनेलला पॉलिशचा पहिला हात बसवायच्या आधीच, नाहीतर तो आक्रसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ दिसते. दुसरं, झडपेची खालची कड. ही सर्वांत महत्त्वाची जागा आणि तीच सगळीकडं कोरी राहते. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथं उघडी असतात आणि पाणी तिथून वर शोषलं जातं. दार बिजागऱ्यांवर चढवण्याआधी आडवं ठेवून खालच्या आणि वरच्या कडेला तीन हात द्यायचे, कुलपाच्या खाचेच्या आतही. हाताचा आरसा दाराखाली धरला की काम झालंय की नाही ते लगेच कळतं. तिसरं, बाहेरून तळाशी दीड इंच पुढं येणारी उतरती लाकडी पट्टी लावून घ्या, तिच्या पोटाला सहा मिलिमीटरची खाच. दारावरून उतरलेलं पाणी त्या खाचेपाशी ठिबकून उंबऱ्याच्या उतारावरून बाहेर जातं, आत येत नाही.

बिजागऱ्या पाच इंची, स्टेनलेस स्टील ३०४ च्या, चार. एवढ्या सागवानी झडपेचं वजन ४० किलोच्या आसपास जातं आणि सगळी ओढ वरच्या बिजागरीवर येते, म्हणून वर दोन एकमेकींजवळ, मधे एक, खाली एक. स्क्रू दोन इंची, आणि ते हातोडीनं ठोकलेले नकोत. कुलपाची उंची साधारण तीन फूट, पण मधल्या आडव्या पट्टीचा सांधा बरोबर तिथं येत असेल तर कुलूप सांध्याच्या वर सरकवा. सांध्यात खाच पाडली की दाराचा कणाच मोडतो. पाहण्याची काच सासूबाईंच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. तोरणासाठी दोन पितळी हुक पॉलिशच्या आधीच बसवून घ्या, म्हणजे दसऱ्याला कुणी नव्या चौकटीत खिळे ठोकणार नाही.

कामाचा क्रम : छपराचे ब्रॅकेट, मग चौकट आणि उंबरठा, मग भोवतीचा गिलावा आणि त्यावर सात दिवस पाणी. गिलावा पूर्ण सुकू द्या, मगच झडप टांगा. ओल्या भिंतीशेजारी आठवड्यात लाकूड फुगतं. रंगारी सर्वांत शेवटी, आणि तो यायच्या आधी दाराला जुनी चादर बांधा.

झडप बसवताना बाजूंना तीन मिलिमीटर आणि खाली पाच-सहा मिलिमीटर फट ठेवायला सांगा. कोरड्या दिवसांत ती जास्त वाटेल. पहिल्या जुलैत दार थोडं घट्ट झालं तर लगेच रंधा मारू नका. घासतंय तिथं कडेला खडू लावून, दार लावून-उघडून जागा शोधा, आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा, आणि तरीही अडकलंच तर तेवढ्याच जागी मिलिमीटरभर घासून त्या कोऱ्या जागेला त्याच दिवशी पीयूचा हात द्या.